काकूच्या यंत्राची शिट्टी

८ जानेवारी

प्रिय मासोळी,

हा शब्द तुझ्या बाबांचा आहे, त्यांना विचारून उसना घेतलाय. आवडला नाही तर सांग, दुसरा शोधेन.

पाकिटावर माझं अक्षर बघून धसका घेतला असशील, म्हणून आधी हे: बाबा ठणठणीत आहेत. गुडघा कुरकुरतो, पण त्यांच्यापेक्षा कमीच.

फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. पण फोनवर आपलं दोघींचं बोलणं गेल्या चार वर्षांत "बाबांना देते हं"च्या पुढे सरकलेलं नाही. तू "कशा आहात काकू" विचारतेस, मी "मजेत" म्हणते, की फोन बाबांच्या हातात. तू लग्नाला आली नाहीस, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. वरच्या मजल्यावरची काकू एक दिवस सामान घेऊन आपल्या घरात राहायला येते म्हटल्यावर तुझ्या जागी मीही पाठ फिरवली असती. हा विषय मी इथेच ठेवते आणि तुला माझ्या कामाबद्दल सांगते. बाबांना सांगून झालं. ते "वा वा" म्हणतात आणि कुंड्यांना पाणी घालायला उठतात.

तुला माहीत आहे, मी आवाज बंद करणारी बाई. जनरेटर, लिफ्टची मोटर, मिक्सर, जे म्हणून लोकांच्या डोक्यात जातं ते माझ्याकडे आणून टाकायचे. आता नोकरीची शेवटची काही वर्षं उरलेली, आणि कंपनीने मला आवाज करायला सांगितलंय.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी कॉम्प्युटर बनवते, पेशंटच्या उशाशी ठेवतात ते. कॉम्प्युटरचा जो मेंदू, म्हणजे प्रोसेसर, तो काम करताना तापतो. त्याच्या डोक्यावर धातूचा एक कंगवा बसवलेला असतो, त्याच्या दातांमधून पंखा हवा फुंकतो आणि उष्णता बाहेर जाते. पण पंखा घरघरतो. पेशंट म्हणतात, आजारापेक्षा हा डबा झोप मोडतो. आता गंमत बघ. पंखा कितीही फुंकू दे, धातूला अगदी चिकटून असलेला हवेचा पातळ थर जागचा हलत नाही. बसच्या दारात उभा राहणारा माणूस असतो ना, जो धड आत जात नाही आणि खालीही उतरत नाही, तसा. बाकीची हवा त्याच्या बाजूने निघून जाते आणि हा गरमगरम तिथेच. त्याला हलवायचं कसं? आवाजाने. आवाज म्हणजे तरी काय, हवेला बसणारे बारीक धक्केच. ते त्या थराला बसले की तो सुटतो, आणि मग संथ पंखासुद्धा पुरतो.

पण गोंगाट कमी करायला आणखी आवाज घालायचा, तर तो कुणाला ऐकू येता कामा नये. म्हणून सेकंदाला पंचवीस हजार कंपनं. माणसाचा कान वीस हजारांच्या वर जात नाही.

या कामात माझ्याबरोबर एक गृहस्थ आहेत, उष्णतेचं गणित सांभाळणारे, माझ्याच वयाचे. सगळे त्यांना थर्मामीटर म्हणतात, कारण ते चहातसुद्धा बोट घालून अंदाज घेतात. शेजारच्या खोलीत पंखेवाले आहेत. ते मोठा, मऊ पात्यांचा पंखा बनवताहेत. फेब्रुवारीच्या शेवटी संचालकबाई दोन्ही बघणार आणि एकच ठेवणार. आमचं राहिलं नाही तर आमची खोलीही राहणार नाही. थर्मामीटरना दुसरीकडे घेतील. माझं वय बघता मला पुष्पगुच्छ देतील.

उत्तर पाठवच असं नाही.

काकू

२ फेब्रुवारी

प्रिय मासोळी,

उत्तर आलं नाही, म्हणजे "मासोळी"वर हरकतही आली नाही, असा अर्थ मी काढलाय.

जमलं! आज हे तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आवाज देणारी चकती शर्टाच्या बटणापेक्षा जराशी मोठी. ती कंगव्यासमोर नेमकी किती अंतरावर ठेवायची, यातच सगळा जानेवारी गेला. केसभर पुढे घेतली की काही नाही, केसभर मागे घेतली की काही नाही. थर्मामीटर तापमानाच्या आकड्याकडे बघत बसायचे आणि मी चिमटा घेऊन चकती हलवायची. परवा दुपारी मी चकती हलवली आणि ते काही बोलेचनात. मला वाटलं डुलकी लागली. मान वर करून बघते तर माणूस दोन्ही हात तोंडावर ठेवून बसलेला. आकडा उतरत होता. उतरतच गेला. पंखा निम्म्या वेगाने आणि प्रोसेसर मात्र पूर्ण वेगाच्या पंख्याखाली असावा तितका गार.

"बंद करा," ते म्हणाले.

केलं. आकडा चढला.

"चालू करा."

उतरला. लहान मुलं दिव्याच्या बटणाशी खेळतात तसे आम्ही दोघं खेळलो. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, एक सांगू? मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की हे काही व्हायचं नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतक्या खुशीत होतात!"

आणि शांतता किती, म्हणून सांगू. खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येते. मायक्रोफोनला जोडलेल्या पडद्यावर पंचवीस हजारांपाशी एक उंच सुळका दिसतो आणि कानाला काहीही नाही. इतक्या वर्षांत मी एवढं शांत यंत्र बनवलेलं नाही.

बाबा माझा विसरलेला डबा द्यायला आले होते. त्यांनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. अर्धा व्हिडिओ थर्मामीटरच्या टकलाचा आहे, पण यंत्रही दिसतं. तुला पाठवतो म्हणाले. मी नको म्हटलं नाही.

काकू

६ फेब्रुवारी

प्रिय मासोळी,

तुझा निरोप आला. "काकू, तुमचं मशीन शिट्टी मारतंय. तुम्हाला ऐकू येत नाही का?" बस, एवढाच. आपणहून मला लिहिलेलं तुझं पहिलं वाक्य, आणि त्यात माझ्या यंत्रावर आरोप आणि कानांवर संशय, दोन्ही एका दमात.

खरं सांगते, आधी राग आला. बाबांना म्हटलं, "मोबाइलचाच दोष असणार. तुमचा मोबाइल जास्वंदीचा रंगसुद्धा धड दाखवत नाही."

"तिलाच विचार ना," बाबा म्हणाले.

"तिला काय विचारायचं? माझा जन्म गेला आवाजात."

"तिचा दिवस जातो शिट्टीत," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

पोरांना पोहायला शिकवणारी बाई तू. शिट्टीच्या बाबतीत तुझ्याशी वाद घालणारी मी कोण?

दुसऱ्या दिवशी यंत्र उचलून खाली रिसेप्शनवर नेलं. तिथे बसणारी मुलगी तुझ्यापेक्षाही लहान असेल. तिच्या टेबलावर ठेवलं आणि चालू केलं. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "मॅडम, बंद करा ना प्लीज! म्हणजे रोज वाजायचं ते हे होतं? मी दोनदा लिफ्टवाल्याकडे तक्रार केली!"

तर असं झालंय. पंचवीस हजारांचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही, ते खरंच. पण त्या आवाजाने यंत्राचा कुठला तरी सुटा भाग थरथरतोय. तो दर धक्क्याला नाही, एक धक्का सोडून दुसऱ्याला हलतो, म्हणजे निम्म्याने, साडेबारा हजारांनी. तो आवाज तरुण कानांना टोचतो. मायक्रोफोनचा पडदा मी पंचवीस हजारांच्या आसपासच लावून ठेवला होता, खाली काय चाललंय ते बघायची गरज वाटली नाही. कान होते ना माझे.

ते कान काल मी डॉक्टरांना दाखवून आले. त्यांनी कागदावर एक रेघ काढून दिली. रेघ सरळ जाते आणि शेवटी जिना उतरावा तशी खाली येते. "काळजीचं काही नाही, वयाप्रमाणे आहे," म्हणाले. वयाप्रमाणे! आयुष्यात मी एकही गोष्ट वयाप्रमाणे केली नाही, लग्नसुद्धा नाही, आणि कानांनी मात्र नियम पाळला. थर्मामीटरनी हौसेने स्वतःचीही तपासणी करून घेतली. त्यांची रेघ माझ्यापेक्षा वाईट. दोन बहिऱ्यांनी मिळून जगातलं सर्वांत शांत यंत्र बनवलं होतं!

काल जरा उदास वाटलं, लपवत नाही. संध्याकाळी गॅलरीत बसले आणि पक्षी नेमके कुठले ऐकू येत नसतील याचा हिशोब करत राहिले. मग बाबा शेजारी येऊन बसले आणि जे जे ऐकू येतंय ते एकेक सांगायला लागले. कावळा. स्कूटर. वरच्या बाईंचा नळ. त्यांचेही कान माझ्याच वयाचे आहेत, त्यामुळे यादी सारखीच निघाली. हसू आलं.

आता मुद्दा. कुठला भाग वाजतोय ते शोधायला कान हवेत. रिसेप्शनच्या मुलीला टेबल सोडता येत नाही. तू आमचे कान होशील का? बुधवारी तुझी दुपारची सुट्टी असते ना, तेव्हा मी फोन करेन. पत्र वेळेवर पोचेल न पोचेल, म्हणून बाबांकडून निरोपही देते. नाही जमलं तरी चालेल.

काकू

१२ फेब्रुवारी

प्रिय मासोळी,

कालचं सगळं तुला माहीतच आहे, तू होतीसच. तरी लिहून ठेवते, कारण इकडची बाजू तुला दिसली नाही.

तुझा नंबर लावताना मी दोनदा चुकले, आणि थर्मामीटरनी ते तापमान बघावं तसं टक लावून बघितलं. मी फोन यंत्रासमोर उभा केला. "आहे का शिट्टी?" विचारलं.

तू जरा थांबलीस. मग म्हणालीस, "हो. आहे."

मी पंख्याची जाळी बोटाने दाबली. "आता?"

"आहे."

चकतीची पट्टी दाबली. "आता?"

"आहे. तुम्ही नीट दाबताय ना?"

"नीट म्हणजे काय, बोट पांढरं पडलंय."

तेवढ्यात मागून कुणीतरी लहान मूल रडलं, आणि तू म्हणालीस, थांबा, ही एक पोरगी आहे, पाण्यात उतरतच नाही, काठावर बसून पाय तेवढे बुडवते. मी म्हटलं, मग पायच पोहायला शिकव आधी. तू हसलीस. मला वाटलं होतं तुझं हसणं बाबांसारखं असेल. नाहीये. वेगळंच आहे.

मग कंगवा प्रोसेसरवर दाबून धरणारी तारेची क्लिप दाबली. "आता?"

"कमी झाला वाटतं... नाही, आहे अजून थोडासा."

मग डाव्या बाजूचा स्क्रू झाला, उजव्या बाजूचा झाला, झाकण झालं. मध्येच तू विचारलंस, बाबा औषध वेळेवर घेतात का. मी म्हटलं, घेतात, पण गोळीशी भांडून. तू म्हणालीस, आईच्या वेळीही असंच करायचे, ती गोळी पोळीत गुंडाळून द्यायची. तुझ्या तोंडून तुझ्या आईबद्दल मी पहिल्यांदाच ऐकलं. मी दाबायचं विसरून तशीच उभी राहिले. मग तूच ओरडलीस, "अगं काकू, दाब ना! थांबलीस काय?"

अगं म्हणालीस. थर्मामीटरनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे बघितलं.

आणखी एकदोन जागा झाल्या आणि तू म्हणालीस, "हां. गेला. आता काहीच नाही." तुझी सुट्टी संपून वर दहा मिनिटं झाली होती, आणि ती पोरगी बहुतेक अजून काठावरच असेल.

मुख्य चोर ती क्लिप. ती काढून टाकली, तिच्या जागी स्क्रू लावले, खाली रबराच्या चकत्या घातल्या. आज यंत्र परत रिसेप्शनवर नेलं. ती मुलगी यंत्र दिसताच कानावर हात ठेवून बसली. मग हळूच एक काढला, मग दुसरा. "चालू आहे?" म्हणाली. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण तिचा फोन वाजत होता.

काकू

२८ फेब्रुवारी

प्रिय मासोळी,

तुझे तिन्ही निरोप मिळाले. "काय झालं?", "काकू काय झालं??" आणि नुसतं "???". लगेच उत्तर दिलं नाही, कारण ही सावकाश सांगायची गोष्ट आहे, निरोपात कोंबायची नाही.

पहिली पाळी पंखेवाल्यांची. त्यांचा पंखा खरंच छान झालाय, मन मोठं करून सांगते. घरघर नाही, नुसती झुळूक. संचालकबाईंनी मान डोलावली. बाईंनी एका दवाखान्यातल्या नर्सला मुद्दाम बोलावलं होतं, वापरणारं माणूस म्हणून. तिशीची असेल, दिवसभर उभं राहून दमलेली, खुर्ची मिळाल्यानेच खूश. ती म्हणाली, "चांगला आहे, पण अंगावर वारा येतो. पेशंटच्या तोंडावर हा वारा नको."

मग आमचं. मी यंत्र टेबलावर ठेवलं. थर्मामीटरनी तापमानाचा पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला. मी प्रोसेसरला भरपूर काम लावलं. आकडा थोडा चढला आणि थांबला. मी काही न बोलता उभी. सगळे बघताहेत. नर्सने थोडा वेळ वाट बघितली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, चालू कधी करणार?"

"चालूच आहे," मी म्हटलं.

ती उठली. यंत्राला कान लावला. मग डोळे मिटून तशीच वाकून राहिली, इतका वेळ की संचालकबाई म्हणाल्या, "काही ऐकू येतंय का?"

"नाही ना. म्हणूनच थांबलेय. बरं वाटतंय."

निकाल तुला कळलाच असेल यावरून. पहिली खेप दवाखान्यांत जाणार आणि आमची खोली राहणार. पंखेवाल्यांनाही घालवलं नाही. त्यांचा पंखा संथ फिरवायचा आणि आमचा आवाज त्याला जोडायचा, असं ठरलंय. थर्मामीटर आणि पंखेवाल्यांचा मुख्य आतापासूनच भांडायला लागलेत, म्हणजे काम व्यवस्थित चाललंय.

बाबांनी घरी शिरा केला. साखर विसरले. आम्ही वरून साखर घालून खाल्ला.

काकू

१९ मार्च

प्रिय मासोळी,

तू शनिवारी येतेस हे कळल्यापासून बाबा दोनदा पडदे धुऊन चुकलेत. तुझ्या खोलीतलं माझं शिवणाचं मशीन हलवलंय. तुझ्या आईचा फोटो होता तिथेच आहे, तो मी कधी हलवलाच नव्हता. तू काही घेऊन येऊ नकोस, पोहायचा पोशाख तेवढा आण. इथला तलाव नवीन झालाय, आणि सत्तावन्न वर्षांच्या बाईला पाण्यात उतरायला शिकवता येतं का, हे तुला विचारायचं होतं. मी काठावर बसून पाय बुडवेन, तेवढी तयारी आहे.

येण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. नाहीतर थर्मामीटर तुझ्यासमोर बोलून जातील, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

त्या बुधवारी मायक्रोफोन टेबलावरच होता आणि चालू होता. तुझा निरोप आल्यावर मी त्याचा पडदा खालपर्यंत उघडला होता. साडेबारा हजारांपाशी दुसरा सुळका लख्ख दिसत होता. कुठला भाग वाजतोय ते शोधायला मला कुणाचेच कान नको होते, बोटाने दाबत जायचं आणि सुळका कधी बसतो ते बघायचं, बस. आणि दुसरं म्हणजे, व्हिडिओत टिपला जात असला, तरी इतका उंच सुराचा आवाज फोनच्या बोलण्यातून पलीकडे जातच नाही. माणसाच्या आवाजापुरतं ठेवून बाकीचं फोन गाळून टाकतो. हा माझाच विषय, मला माहीत नसेल का? मी ठरवून बसले होते, तू म्हणशील, "काही ऐकू येत नाही, काकू," आणि मी म्हणेन, "बरं, मग दोन मिनिटं बोल तरी." तेवढंच हवं होतं मला.

पण तू म्हणालीस, "हो. आहे."

थर्मामीटर पडद्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून पडद्याकडे बघायला लागले. मी तुला पुढचं विचारलं. क्लिप दाबली तेव्हा सुळका धाडकन खाली बसला, काम तिथेच संपलं. ते "झालं!" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला. कारण तिकडून तू म्हणत होतीस, "आहे अजून थोडासा."

मग मी स्क्रू दाबले, झाकण दाबलं. दाबण्यासारखं यंत्रावर काही उरलं नाही, तेव्हा मी टेबलाचा कोपरा दाबला आणि विचारलं, "आता?"

"थांब हं," तू म्हणालीस, "नीट ऐकू दे."

तुझी काकू